वासण्यात अडकलेला व्याही

"वेवाई, आज तो जमवुं ज पडशे! ना नहीं चाले, कही दउं छुं!"

आवाज असा की बडोद्याच्या सुभानपुऱ्यात माझ्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलेला फोन जागच्या जागी थरथरला. व्हिडिओ कॉलवरचं इंदूर दचकलं, मस्कत हसायला लागलं, बंगळूरच्या खिडकीतला गडी डुलकी घेत होता तो ताठ बसला. ओरडणारा माणूस आमच्यातला नव्हताच. तो बडोद्यातल्याच वासण्यातला एक गुजराती गृहस्थ होता, बँकेतून निवृत्त झालेला, आणि 'व्याहीबुवा, आज जेवावंच लागेल' असं तो ज्याला दटावत होता, तो आमचा नाशिककर कॅमेऱ्यासमोर नेहमीसारखा बसला होता. बस थांब्यावर बसतात तसा.

"तो विषय जरा नंतर," नाशिककर मागे वळून म्हणाला. मग आमच्याकडे पाहून, "हां, तर मी काय सांगत होतो, काल मी पिठलं केलं."

आणि सगळा वर्ग पुढे सरकून ऐकायला लागला. पिठलं. कॉलेजात मी मधल्या सुट्टीत जिन्यावर उभा राहून बोलायला लागलो की दोन तुकड्यांची पोरं तास बुडवायची, प्राध्यापकसुद्धा रजिस्टर काखेत मारून थांबायचे. त्या मला ही मंडळी एका पिठल्यासाठी ताटकळत ठेवत होती.

पण नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल बडोद्याचा माणूस, गोष्ट शेपटाकडून सुरू करतो.

लॉकडाऊन लागलं नी आमच्या कॉलेजच्या वर्गातल्या मराठी मंडळींनी दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर भेटायचं ठरवलं. आमची जुनी वर्गप्रतिनिधी आता इंदूरला शाळा चालवते, त्यामुळे शिस्त तिच्याकडे आली. तिने नियम काढला की ज्याने त्याने आपापलं काय चाललंय ते सांगायचं, पण हजेरीच्या नंबराप्रमाणे. आम्ही तिला कॉलेजातही मॉनिटर म्हणायचो, आताही तेच. फुकटातला कॉल ठरावीक वेळाने आपोआप तुटायचा. आणि यादीत माझा नंबर शेवटचा. माझ्या आधी नाशिककर.

सुरुवातीला मला वाटलं, माझ्यासारखा भाग्यवान नाही. नाशिककर म्हणजे कॉलेजची सगळी वर्षं 'हजर' याखेरीज एक शब्द न बोललेला माणूस. त्याच्यानंतर माझी पाळी म्हणजे दुधी भोपळ्यानंतर बासुंदी. पहिल्या रविवारी मॉनिटरने त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मी बडोद्यात आहे. व्याह्यांकडे अडकलोय."

झालं. तिथून माझं नशीब फिरलं.

त्याची एकुलती एक लेक टोरांटोत. नवरा बडोद्याचा गुजराती. तिला दिवस गेलेले, एप्रिलअखेर बाळंतपण, आणि सासू-सासरे विमानाने जाणार होते. नाशिककराची बायको दोन वर्षांपूर्वी गेली. आईच्या जागी बापाने काहीतरी करायला हवं, म्हणून त्याने शेजारणीकडून डिंकाचे लाडू करवून घेतले, बाळासाठी कुंच्या-दुपटी घेतली, आणि तो सगळा डबा-बोचका व्याह्यांच्या हाती द्यायला शनिवारी बडोद्याला आला. सोमवारी परत जायचं होतं. मधल्या रविवारी कर्फ्यू लागला, बस बंद, गाड्या बंद, विमानं बंद. व्याही कुठे गेले नाहीत, लाडू कुठे गेले नाहीत, आणि हाही कुठे गेला नाही.

आता एवढ्याने काही बिघडत नव्हतं. हजारो माणसं अडकली होती. माझा एक चुलत मेहुणा लग्नाच्या मांडवात अडकला होता आणि महिनाभर फेटा बांधूनच वावरत होता, निदान मी तसं सांगितलंय सगळीकडे. पण नाशिककराने पुढचं वाक्य टाकलं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं अन्न खायचं नाही, ही नाशिककराच्या घरची जुनी रीत. त्याने लेकीच्या लग्नाच्या वेळी आपल्या आईला शब्द दिलेला, आणि आई आता ह्या जगात नाही म्हणून तर तो मोडायची सोय नाही.

"मग जेवतोस काय?" मॉनिटरने विचारलं.

"लाडू," तो म्हणाला.

म्हणजे पहा. पंचावन्न-साठीचा माणूस, परक्या शहरात, भरल्या घरात, समोर विहीणबाई दाळ-ढोकळीचं पातेलं घेऊन उभ्या, आणि हा खोलीत बसून बाळंतिणीचे डिंकाचे लाडू खातोय, कारण त्या घरात त्याच्या मालकीचं तेवढंच अन्न. मी तर ऐकूनच जळालो. मी आयुष्यभर कल्पना ताणून ताणून हाडं मोडून घेतली, आणि ह्याला ही गोष्ट घरबसल्या मिळाली. तीही दुसऱ्याच्या घरी बसल्या.

त्या दिवशी माझी पाळी येईपर्यंत कॉलचा दम संपत आलेला. तरी मी घाईघाईने सुरू केलं. विश्वामित्री नदीतून निघालेली मगर कशी रिकाम्या रस्त्याने चालत चालत सुभानपुऱ्यात आमच्या सोसायटीच्या फाटकाशी आली, वॉचमनने तिच्या कपाळाला ताप मोजायची ती बंदूक कशी लावली, आणि मगरीने हळूच तोंड उघडलं, आणि...

कॉल तुटला.

मी आठवडाभर वाट पाहिली. कुणीतरी फोन करेल, ग्रुपवर लिहील, की अरे, मगरीचं पुढे काय झालं. एका जिवाने विचारलं नाही. सोमवारपासून ग्रुपवर एकच प्रश्न, मस्कतहून, बंगळूरहून, इंदूरहून: खाल्लं का त्याने?

पुढच्या रविवारी कळलं की लाडू संपले. पण त्याने मास्क बांधून कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतःचे तांदूळ, डाळ, बेसन आणलं. व्याह्यांच्या गॅसचा एक बर्नर त्याच्या नावावर झाला. विहीणबाई ह्या बाजूला ऊंधियूच्या थाटाची भाजी परतणार, आणि हा त्या बाजूला एका पातेलीत खिचडी ढवळणार. वर्गात दोन पक्ष पडले. एक खाऊन टाक म्हणणारा, एक शब्द पाळ म्हणणारा. पाणी चालतं का, यावर वाद झाला. चहा म्हणजे अन्न का? मॉनिटरने बरंच डोकं खाजवून निकाल दिला की चहा पेय आहे, पण सोबतचा फाफडा अन्न. मग मीठ? मीठ व्याह्यांच्या बरणीतलं होतं. त्यावर बंगळूरवाल्याने, जो कॉलेजात नापास व्हायच्या बेतात असायचा, असं काही मुद्देसूद भाषण केलं की मला त्याचाही हेवा वाटला.

आणि व्याही. व्याह्यांनी तर कहरच केला. आपला पाहुणा ज्या रविवारच्या कॉलवर जाऊन काय काय सांगतो, तिथेच दाद मागायची असं त्यांनी ठरवलं. ते मागून यायचे, ताट कॅमेऱ्यासमोर धरायचे, गुजरातीत आमच्याकडे तक्रार करायचे की सांगा ह्याला, माझ्या घरात माणूस उपाशी राहतो, मी बाहेर तोंड कसं दाखवू, बाहेर जायला बंदी आहे ते सोडा. आवाज असा की शेजारच्या गोत्री भागापर्यंतच्या गच्च्यांवरची वाळवणं हलत असतील. नाशिककर त्यांच्यावर एकदाही चिडला नाही. ते गेले की म्हणायचा, "चांगले आहेत." बस. एवढ्यावर इंदूरच्या खिडकीत मॉनिटर डोळे पुसायची.

मी काय करणार? मी मगर सोडली, वाघ घेतला. मी सांगितलं की आमच्या गच्चीवर माकडांनी सभा भरवली नी अंतर ठेवून बसली. मॉनिटर म्हणाली, "बरं. वेळ झाली." माझी स्वतःची बायको, जिने आमच्या लग्नात माझ्या एका गोष्टीपायी हार घालायला उशीर केला होता, ती आता नाशिककराची पाळी आली की मेथी निवडायची परडी घेऊन माझ्या खुर्चीमागे येऊन बसायची, आणि माझी पाळी आली की परडी उचलून आत जायची. मी विचारलं, की का गं, माझं ऐकत नाहीस? तर म्हणे, तुमचं मी आठवडाभर ऐकतेच.

एप्रिलअखेर बाळ झालं. मुलगी. ती बातमी आम्हाला रविवारी कळली, पण त्या घरात आदल्या दिवशीच, आणि नाशिककराने ती जशी सांगितली तशी मी कुठे ऐकली नव्हती. सांगितली म्हणजे काय, चार वाक्यं. "टोरांटोहून फोन आला. व्याह्यांचा फोन मोठा आहे म्हणून त्यांच्याच फोनवर पाहिलं, ते, विहीणबाई आणि मी, झोपाळ्यावर एका ओळीत बसून. व्याही रडले. मग विहीणबाईंनी लापशी केली, आणि मी पानावर बसलो."

पडद्यावरच्या सगळ्या खिडक्यांत टाळ्या सुरू झाल्या. एकाच्याही टाळीला दुसऱ्याची टाळी जुळेना, तरी वाजवतच होते. मस्कतवाल्याने थाळी आणून बडवली. माझी बायको परडी खाली ठेवून आत गेली नी बाहेर आली ती साखर घेऊन, आणि माझ्याही हातावर ठेवली. आणि त्या सगळ्या गोंधळात नाशिककर हळूच म्हणाला, "नाशिकला असतो तर फोन ठेवल्यावर कुणाला सांगितलं असतं?"

ते कुणी ऐकलं नाही, टाळ्या चालू होत्या. मी ऐकलं. आणि खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणीसुद्धा हेच वाटलं की ह्या माणसाला काय काय मिळतंय. नातही मिळाली, लापशीही मिळाली, वर हे असं वाक्य, तेही न ठरवता.

मला वाटलं, चला, आता तरी हे संपलं. खाल्लं, विषय मिटला. कसला मिटतो. आता लोक विचारायला लागले की काल काय खाल्लंस. तो सांगायचा, हांडवो. सगळे म्हणायचे, अहाहा. तो सांगायचा, आज व्याह्यांनी मला पत्ते शिकवले. अहाहा. व्याही आता मागून ओरडायचे ते त्याच्या ताटात दुसऱ्यांदा वाढायला. त्या घराने एका माणसाला, जो दोन रात्रींसाठी आला होता, महिना उलटून गेल्यावरही असं हाका मारून मारून बोलावलेलं मी दर रविवारी ऐकत होतो. माझ्या घरात मला जेवायला बोलावत नाहीत. पान टेबलावर येतं, मी तिथे असलो तर असलो.

मे महिन्यात दुसऱ्या राज्यात जायचे पास मिळायला लागले, आणि माझ्या डोक्यात एक अत्यंत परोपकारी विचार आला.

मी कामाला लागलो. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीच्या जावयाची कलेक्टर कचेरीत ओळख होती. ग्रुपवर मी 'माझं वरपर्यंत बोलणं झालंय' असं लिहिलं. गोत्रीत एका म्हातारीला सोडायला नाशिकची गाडी आली होती, ती रिकामी परत जाणार होती, तो ड्रायव्हर मी गाठला. नाशिककराकडून आधार कार्डाचा फोटो मागवला तो 'मंडळींची यादी करतोय' असं सांगून. बायको हे सगळं पाहत होती. एकदा ती म्हणाली, "त्यांना विचारलंत का, जायचंय का?"

मी म्हटलं, अगं, माणूस दोन महिने दुसऱ्याच्या घरात अडकलाय, त्याला काय विचारायचं? स्वतःच्या घरी जायला कोण नको म्हणतं? ती उठली. मेथीच्या काड्या उचलून निघून गेली.

रविवारी मी कधी नव्हे तो नंबर मोडून मध्येच बोललो. मॉनिटरने टोकलं, मी ऐकलं नाही. पास कॅमेऱ्यासमोर धरला, लग्नाची पत्रिका धरतात तसा. म्हणालो, मित्रा, तुझी सुटका केली. परवा सकाळी गाडी दारात. आणि त्या पासासाठी मला काय काय करावं लागलं याची एक गोष्ट सांगितली, ज्यात मी तीन कचेऱ्या, दोन पोलीस चौक्या आणि एक खवळलेला मामलतदार पार केला होता. अशी रंगली की इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा सगळ्या खिडक्या माझ्याकडे बघत होत्या. मस्कतवाला म्हणाला, अरे थापाड्या, पण काम केलंस हां. मॉनिटर म्हणाली, "शाब्बास." तिच्या तोंडून शाब्बास. कॉलेजची सगळी वर्षं मी त्यासाठी काढली होती.

नाशिककर पासाकडे बघत होता. त्याच्यामागे व्याही उभे होते, ताट हातात. त्यांना सगळं मराठी कळत नव्हतं, पण नाशिक आणि परवा एवढं कळलं असावं. पहिल्यांदाच त्या माणसाच्या घशातून आवाज निघाला नाही.

"बरं," नाशिककर म्हणाला. "थँक्यू."

मंगळवारी मी स्वतः वासण्याला गेलो. इतके आठवडे जे घर सगळ्यांनी कानांनी पाहिलं, ते डोळ्यांनी पाहायचा मान मला मिळणार होता, आणि मी ग्रुपसाठी फोटो काढायचे ठरवून गेलो होतो. साधा खालच्या मजल्यावरचा फ्लॅट. दारात झोपाळा. मी कल्पना केलेली, व्याही म्हणजे सहा फुटी, मिशाळ, छाती पिंपासारखी. निघाले बुटके, बनियनवर, कानात कापूस घातलेले. विहीणबाई थेपल्यांच्या चळती कागदात बांधत होत्या, एवढ्या की गाडी सापुताऱ्याचा घाट चढली नसती. बाथरूमच्या दाराशी खुंट्या होत्या, आणि तिसऱ्या खुंटीवर नाशिककराचा टॉवेल. तो त्याने काढला, घडी केली, पिशवीत टाकला. खुंटीकडे व्याह्यांनी पाहिलं, मी पाहिलं.

मी वातावरण हलकं करावं म्हणून मामलतदाराची गोष्ट पुन्हा, जरा वाढवून, सांगायला घेतली. व्याह्यांनी ती सगळी ऐकली, मान हलवली, आणि मग मला अगदी सभ्यपणे विचारलं, "तमने बहु उतावळ हती?"

तुम्हाला फार घाई होती का, असं. मी हसलो. म्हटलं, मित्रासाठी माणूस करतोच. ते म्हणाले, हा, हा, बरोबर ने.

नाशिककर गाडीत बसला. व्याह्यांनी काचेतून आत हात घालून त्याच्या खांद्यावर ठेवला, आणि मग हल्ली शिवायचं नसतं हे आठवून काढून घेतला. गाडी कोपऱ्यावर वळली. मी एकही फोटो काढला नव्हता, ते घरी आल्यावर लक्षात आलं.

पुढचा रविवार माझा होता. सगळं जुळून आलेलं. नाशिककराच्या खिडकीत मागे पांढरी भिंत, त्यावर बंद पडलेलं घड्याळ. मॉनिटरने विचारलं, बोल. तो म्हणाला, पोचलो, घर झाडलं, काल मुलीचा फोन आला, बाळ बरं आहे. झालं. कुणी आणखी विचारलं, तर म्हणाला, नाही, विशेष काही नाही. कॉलेजातल्यासारखाच. आणि माझ्या हाती जवळजवळ सगळा वेळ आला.

मी माझी सगळ्यात मोठी गोष्ट काढली, जी मी पुढेमागे कधीतरी म्हणून राखून ठेवली होती. आवाज चढवला, हात हलवले, मध्ये थांबलो, पुन्हा चढवला. बंगळूरवाला डुलकी घेत होता. मस्कतची खिडकी काळी झाली, तिकडे म्हणे इंटरनेट गेलं. माझ्या खुर्चीमागे परडी आलीच नव्हती. गोष्ट संपली तरी कॉल तुटला नाही. खूप वेळ शिल्लक होता. तो घेऊन काय करायचं ते कुणाला समजेना. मग मॉनिटर म्हणाली, आज इथेच थांबू.

मी उठलो, पाणी प्यालो, आणि मला एकदम रागच आला. म्हणजे मी एवढं केलं ह्याच्यासाठी, आणि ह्याने नीट चार शब्द बोलू नयेत? मी सरळ नाशिकला फोन लावला. म्हटलं, अरे भल्या माणसा, चेहरा काय तो केला होतास, सुटका झाली ना तुझी? तुला ठाऊक आहे, त्या पासासाठी मी कुठे कुठे शब्द टाकला? दुसरं कुणी असतं तर मिळाला असता का?

पलीकडे पंखा ऐकू येत होता.

"परतीचा मिळतो का बघ," तो म्हणाला.